केसाएवढ्या फटीतलं तेल

मी एक जुनी लोखंडी कडी आहे, मित्रांनो. तुंगा नदीच्या काठावरच्या कागद गिरणीत, टर्बाइनच्या पोटात माझं आयुष्य गेलं. मला डँपर म्हणतात. माझ्या आत बेअरिंग, त्यात गरागरा फिरणारा दांडा. माझ्याभोवती केसाएवढी फट आणि फटीत तेल. दांडा थरथरला की मी हलते, तेल दाबलं जातं आणि थरथर त्या तेलातच जिरते. मला हलू दिलं नाही, तर ती थरथर दुसरीकडे वाट काढते.

वर्षानुवर्षं मी ती गिळली. ऑपरेटर चन्नवीरप्पा पाहुण्यांना टर्बाइनच्या कवचावर नाणं उभं करून दाखवायचा. "बघा, माझ्या सासूसारखं ताठ उभं आहे." लोक हसायचे, टर्बाइनचं कौतुक करायचे. माझं नाव कुणी काढलं नाही.

आज आयुधपूजा, दसऱ्याची यंत्रांची पूजा. त्यासाठी यंत्र उघडून पुसलं. इराप्पा फिटरनं मला बोटानं ढकललं.

"अण्णा, ही ढिली पडलीय."

"मग बसव घट्ट," चन्नवीरप्पा म्हणाला. "देवीपुढं खुळखुळा ठेवायचा का?"

इराप्पानं माझ्या फटीत पितळेचा पातळ पत्रा ठोकला. तेलाला जागाच उरली नाही. वरून मला हळद-कुंकू लावलं. दोघांनीही मनोभावे केलं, याचाच जास्त संताप येतो.

कोहळा फुटला, वाफ सोडून टर्बाइन सुरू केलं. आता दांड्याचा प्रत्येक दणका माझ्यातून थेट यंत्राला जमिनीशी धरून ठेवणाऱ्या बोल्टांत जातोय. एक बोल्ट सैल झालाय.

गिरणीच्या इंजिनिअर सुमंगला मॅडमनी कवचावर तळवा ठेवला आणि लगेच काढला. "अण्णा, बंद करा. आत्ता."

चन्नवीरप्पा यंत्र बंद करायच्या लाल बटणासमोर आडवा उभा राहिला. "पूजेचं यंत्र दिवस मावळेस्तोवर थांबवत नाहीत, मॅडम. माझ्या बापानंही थांबवलं नाही."

"त्यांच्या वेळी असं हादरत होतं?"

"नवीन आवळलंय, कुरकुरणारच. तुम्ही प्रसादाचे चुरमुरे घ्या."

मॅडम गिरणीच्या साहेबांना आणायला धावल्या. साहेब तिकडे गाड्यांना हार घालतायत. इथे दुसरा बोल्ट फिरू लागलाय आणि हा माणूस माझ्यापासून हातभर अंतरावर चुरमुरे चघळतोय.

मित्रांनो, यंत्रातल्या ढिल्या वस्तूला हात लावण्याआधी ती ढिली का ठेवलीय ते विचारा. आणि कुणी असं बटणासमोर आडवं उभं राहिलं, तर साहेबांची वाट बघू नका. त्याला ढकला. तो चिडेल, शिव्या घालेल. घालू द्या. शिव्या जिवंत माणूसच घालतो.