निताच्या नावावर

अमरदीपनं पिठाचा रिकामा डबा टेबलावर ठेवला, झाकण उघडलं आणि आतून एक पुस्तक काढून बेबीताईपुढं सरकवलं. पुस्तकाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली होती आणि पिशवीला पीठ चिकटलेलं होतं. ते त्यानं तळहातानं पुसलं, हात पँटीला पुसला आणि तसाच उभा राहिला.

"बस ना गा," बेबीताई म्हणाली. "वाचनालयात बसायले तिकीट नाई लागत."

"नाई मावशी, गिरणीवर दयन टाकलं हाय. निताच्या नावावरचं हे पुस्तक तेवढं जमा करून घ्या."

"आन् डब्यातून काहून आनलं?"

"ते असंच नेत होती म्हने. मंग म्हनलं, जसं गेलं तसंच वापस द्याव."

बेबीताईच्या तोंडाला अख्खं गाव वचकून होतं. सरपंचालाही ती चप्पल बाहेर काढायला लावायची. घरात तर तिनं हूं म्हटल्याशिवाय कणीक मळली जात नसे. पण आता तिनं नुसता पदर सारखा केला आणि पुस्तकावरून हात फिरवला. बारावीचा इतिहास. पिशवीची गाठ तिनंच मारलेली होती.

वाचनालय आणि मदनसिंगची पिठाची गिरणी यांची भिंत एकच. बाया डबे घेऊन यायच्या, नंबर लागेपर्यंत वाचनालयाच्या पायरीवर टेकायच्या. दौलतराव होते तेव्हा ते ग्रंथपाल आणि बेबीताई झाडलोट करणारी. झाडता झाडता ती विचारायची, वाचता येते का वं तुले? ज्या बाईनं मान हलवली, तिच्या डब्याच्या तळाशी पिशवीत गुंडाळलेलं पुस्तक जायचं. वरून मदनसिंग गरम पीठ सोडायचा. घरी जाऊन बाईनं पीठ चाळायला घेतलं की पुस्तक निघायचं आणि गहू-ज्वारीच्या कोठीमागं जायचं. पुढच्या दळणाला त्याच वाटेनं परत. याची नोंद कुठंच नव्हती. दौलतराव म्हणायचे, "तुयं हे खातं मले नको सांगू." मदनसिंगही कधी बोलला नाही. गिरणीच्या आवाजात तसंही कुणाचं ऐकू येत नसे.

दौलतराव गेले आणि त्यांची खुर्ची बेबीताईकडं आली. चौथी शिकलेली बाई, पण कुठलं पुस्तक कुठं आहे ते विचारायला तिच्याकडंच यावं लागे. मग यंदा वरून टॅब आला. पुस्तकं त्यात भरायची, वाचक त्यात भरायचे, कुणी काय नेलं तेही त्यातच. सचिव विनोद सर म्हणाले, "काकू, जमत नसन त सांगा. एखादी शिकलेली पोरगी पाहू."

शिकलेली पोरगी. हा शब्द बेबीताईच्या घशात मासोळीच्या काट्यासारखा अडकला. ती वाशिमला ट्रेनिंगला गेली. नातीच्या वयाच्या पोरींत जाड चष्मा लावून बसली आणि शिकवणारीला म्हणाली, "हळू बोल बाई, गाडी नाई सुटून राह्यली." घरी सून धम्मदीपा दिवसभर मोबाइलवर असायची. तिला विचारलं असतं तर दोन मिनिटांत सांगितलं असतं तिनं. पण सुनेला विचारायचं म्हणजे आपल्या हातानं तिच्याकडं वेसण द्यायची. बेबीताईनं विचारलं नाही. दुपारी वाचनालयाचं दार लोटून ती एका बोटानं एकेक अक्षर दाबत बसायची. चुकलं की टॅबलाच शिवी हासडायची. आणि एक दिवस तिनं पुस्तकाच्या पाठीवरच्या काळ्या रेघांवर टॅब धरला, तर पुस्तकाचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव, सगळं आपोआप काचेवर आलं. बेबीताईनं तो टॅब उशाला घ्यायचाच काय तो बाकी ठेवला.

ट्रेनिंगमध्ये सरावासाठी तिनं स्वतःलाच वाचक म्हणून भरलं होतं, स्वतःचा नंबर घालून. पुस्तक दिल्याचं बटण दाबलं आणि तिच्याच पिशवीत फोन वाजला. बेबीताईनं त्यातून एक गोष्ट पक्की धरली: पुस्तक जो देतो, त्याला निरोप येतो. म्हणजे नोंद झाल्याची खूण. हिशोब बरोबर वाटला, म्हणून पुन्हा कुणाला विचारायचं कारणच उरलं नाही.

टॅब भरायला घेतला आणि तिच्या डोक्यात आलं की यात सगळे पुरुषच दिसतील. पेपर चाळणारे आणि पंख्याखाली डुलक्या घेणारे. ज्या खरंच वाचतात, त्या कुठंच नाहीत. कुणी उद्या पाहिलं तर म्हणेल, या गावात बाई वाचतच नाही. हे तिला सोसलं नाही. पहिलं नाव तिनं निताचं घेतलं. तांड्यावरची सून, अकरावी होऊन लग्न झालेली. माहेरी भावाकडून बारावीचा बाहेरून फॉर्म भरून घेतलेली. दळणाच्या प्रत्येक फेरीला एक पुस्तक नेऊन एक आणणारी.

"नंबर सांग."

"मायाजवय कुठं फोन हाय मावशी. घरातला एकच हाय, तो सांगू?"

"सांग. नंबराले का कोनाचं नाव चिकटून राह्यते?"

निता घुटमळली होती. "त्याच्यावर काई येनार त नाई ना?"

"जे येते ते मायाजवय येते. मी ट्रेनिंग करून आलो बाई, वाशिमले."

बटण दाबलं. काचेवर हिरवी खूण आली. बेबीताई पिशवीतल्या फोनकडं कान लावून बसली. वाजला नाही. रेंज गेली असेल, म्हणून तिनं पुस्तक पिशवीत घातलं आणि गाठ मारली.

"मेसेज आला होता," अमरदीप आता सांगत होता. त्याचा आवाज चढलेला नव्हता, हेच बेबीताईला जड जात होतं. "जेवत होतो मी. टन्‌ वाजलं. मले त वाचता येत नाई. निताले म्हनलं, पाह्य वं, काय आलं."

बेबीताईचा हात पुस्तकावरच थांबला. "तिनं वाचून दाखवलं?"

"आमच्या घरी दुसरं कोन वाचन?"

"जसंच्या तसं?"

"तिचं नाव, पुस्तकाचं नाव, बारावी, समदं. पुरं वाचलं." त्यानं मान खाली घातली. "मीबी म्हनलं तिले. म्हनलं, रिचार्ज संपला म्हनून सांगतलं असतं त मले का समजनार होतं? मंग म्हने, मायं नाव पह्यल्यांदाच असं लिवून आलं होतं. मधात कसं तोडू?"

भिंतीपलीकडं गिरणीचा पट्टा फिरत होता. बेबीताईनं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा घातला.

"परीक्षा फेब्रुवारीत हाय तिची," ती म्हणाली.

"फेब्रुवारीत आमी ऊसतोडीवर राह्यतो."

"ते त घरी राहनार होती ना? तुया मायजवय?"

"तेच त. मायच्या डोयाचं आपरेशन झालं, मी राह्यतो घरी, म्हनली. मले वाटलं सासूची माया आली. म्हनून बहिनीसंग जोडीचा कोयता लावला होता मी. आता बहीन राहीन मायजवय." तो पहिल्यांदा बेबीताईकडं बघून बोलला. "एका गड्याचा कोयता नसते मावशी. जोडी लागते, तवा मुकादम टोळीत घेते."

"मले एक सांग. तिनं तुले आधीच इचारलं असतं त?"

अमरदीपनं विचार केला. खोटं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं.

"नाईच म्हनलं असतं," तो म्हणाला. "पन लपवलं, ते लागलं मनाले."

अशा माणसांसाठी बेबीताईच्या जिभेवर एरवी कायम धार असायची. बायकोला कोयत्यात मोजतो का रे, एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते ओठापर्यंत आलंही. पण बटण दाबणारं बोट याचं नव्हतं. शिवी द्यायची तर आधी स्वतःलाच द्यावी लागली असती. तिनं ते वाक्य गिळलं आणि टेबलाला धरून उठली.

"चाल, मी येतो तांड्यावर. बोलतो निताशी."

"कोनाशी बोलान?" अमरदीप म्हणाला. "बाया आन् भांडेकुंडे भरून गाडी सकायीच गेली. कामरगावच्या पुढं लागली असन. मी मायपुरतं दयन देऊन मागच्या गाडीनं जातो."

बेबीताई उभी राहिली होती ती तशीच उभी राहिली. मग हळूच बसली.

"काई म्हनली का जाताना?"

"पुस्तक आठवनीनं द्या, म्हनली. दुसऱ्या बाईले कामी येईन."

त्यानं डब्याला झाकण लावलं. बाहेरून मदनसिंगनं त्याच्या नावानं हाक मारली, तसा तो घाईला आला.

"ते मेसेजचं बंद करा आता. कोनी दुसऱ्यानं वाचला त मले बरं नाई वाटनार."

बेबीताईनं टॅब ओढून घेतला. बोट आता अडखळत नव्हतं. निताचं नाव काचेवर आलं. पहिल्या दिवशी बेबीताईनंच एकेक अक्षर दाबून ते भरलं होतं. नावासमोर एकच पुस्तक होतं. तिनं 'परत' वर बोट टेकवलं. कुठं वाजणार, हे तिला यावेळी ठाऊक होतं.

अमरदीपच्या शर्टाच्या खिशात टन्‌ झालं.

त्यानं फोन काढला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि तिच्यापुढं धरला. "काय म्हनते?"

बेबीताईनं फोन हातात घेतला. काच एका कोपऱ्यात तडकलेली होती. तिनं वरची ओळ बोट ठेवून, शाळेत वाचतात तशी, मोठ्यानं वाचली: "निता अमरदीप आडे, आपल्या नावावर आता एकही पुस्तक नाही."

खालच्या ओळीत 'वाचत राहा' असं लिहिलेलं होतं. तिनं फोन त्याच्या हातात दिला.

"झालं?" अमरदीप काचेकडं बघत म्हणाला. "दोन लाइनी दिसून राह्यल्या."

"खालीबी तेच लिवलं हाय," बेबीताई म्हणाली.

त्यानं मान डोलावली आणि फोन खिशात टाकला.