जांभईचे अठरा टेक

“पटायचं नाही कोणाला, हे आधीच लिहून देतो,” असे म्हणत म्हाताऱ्याने न विचारता खुर्ची ओढली आणि मुख्याध्यापिकांच्या टेबलाला अशी भिडवली, की पालक संघाच्या अध्यक्षांना आपले पाय आत घ्यावे लागले. “पण या शाळेत चित्रित झालेला तो सिनेमा एकट्या माझ्यापायी बुडता बुडता वाचलाय.”

“मामा, सिनेमा नको,” शेजारी बसलेली भाची दबक्या आवाजात म्हणाली. “फक्त मी तपासलेल्या वह्यांबद्दल बोलायचं, असं ठरलंय आपलं.”

“हे कोण?” अध्यक्षांनी मुख्याध्यापिकांना विचारले. म्हाताऱ्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही.

“तेहतीस वर्षं याच शाळेत भूमिती,” उत्तर म्हाताऱ्यानेच दिले. “मुलं मला कोनमापक म्हणायची. तोंडावर नाही, अर्थात.”

“आणि बाईंचे मामा. म्हणजे साक्षीदारही घरचाच,” अध्यक्ष म्हणाले.

“विषयाचा जाणकार आणायची मुभा आहे. नियम वाचूनच आणलंय,” भाची म्हणाली. मग मामाच्या खुर्चीकडे बघत तिने पुस्ती जोडली, “आता पस्तावतेय, तो भाग वेगळा.”

टेबलावर दोन कागद होते. एक भाचीला नोकरीत कायम करण्याचा. तीन वर्षांची उमेदवारी आज संपत होती आणि त्या कागदावर मुख्याध्यापिकांची सही तेवढी व्हायची होती. दुसरा कागद एक्केचाळीस पालकांनी सह्या ठोकलेला तक्रारअर्ज. ‘मुलांना तासाला कंटाळा येतो’ हे एकच वाक्य त्यात चार तऱ्हांनी लिहिले होते. पुरावा अध्यक्षांच्या फोनमध्ये होता. कोणीतरी दप्तराआडून केलेले चाळीस सेकंदांचे चित्रण. भाची फळ्याकडे तोंड करून समीकरण सोडवते आहे आणि पहिल्या बाकावरची मुलगी घसा दिसेपर्यंत जांभई देते आहे. दोन दिवसांत ते चित्रण इतके फिरले, की औषधांच्या दुकानदारानेही भाचीला विचारले, “झोपेच्या गोळ्या तुमच्याकडेच मिळतात म्हणे?”

मुख्याध्यापिका चार महिन्यांपूर्वी बदलीने इथे आल्या होत्या. त्या बोलायच्या कमी आणि दुसऱ्यांनी बोललेले लिहून घ्यायच्या, एवढीच त्यांची ख्याती. आत्ताही त्यांनी वहीत तारीख घातली आणि पेन तसेच धरून ठेवले.

“आम्ही मुलांना इथे घातलं ते यांच्यामुळे,” अध्यक्षांनी मुख्याध्यापिकांच्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवले. तिथे तीस वर्षांपूर्वीचे, कडा पिवळ्या पडलेले पोस्टर चौकटीत बसवले होते. सिनेमातले लाडके सर वर्गाच्या खिडकीत एक पाय आत, एक बाहेर टाकून उभे. “काय शिकवतात ते सर! कोटाच्या बाहीनं फळा पुसून टाकतात, मुलांना खिडकीतून बाहेर काढतात, मैदानात गरागरा फिरवतात. आजही बघताना अंगावर काटा येतो माझ्या.”

“काय शिकवतात?” भाचीने विचारले.

“म्हणजे?”

“कोणता धडा? कोणतं प्रकरण?”

“जगायला शिकवतात, बाई! जगायला!”

“त्याची परीक्षा कोण घेतं? आणि पेपर कोण तपासतं? तुमच्या त्या सरांनी अख्ख्या सिनेमात एक वही तपासलेली दाखवा, मी आत्ता राजीनामा लिहून देते. त्यांच्या वर्गात मुलं अकरा. माझ्या वर्गात अठ्ठावन्न. खिडकीतून काढायला घेतली तर शेवटचं मूल बाहेर पडेपर्यंत शाळा सुटेल.”

“ऐका! ही भाषा,” अध्यक्ष मुख्याध्यापिकांकडे वळले. “अहो, त्याच सिनेमात एक वाईट मास्तरही आहे. पाठमोरा उभा राहून फळ्यावर खरडत बसणारा. पोरं मरतात त्याच्या तासाला. बाई, तुम्ही थेट त्याच्यावर गेल्यात. कोणाकडून शिकलात कोण जाणे.”

“माझ्याकडून,” म्हातारा म्हणाला. “तो मास्तर मीच.”

अध्यक्षांनी आता पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिले.

“चेहरा नटाचा आहे,” म्हातारा खुर्चीत सैलावला. “पाठ माझी. झालं काय, चित्रण सुरू व्हायचं त्याच दिवशी नटाची दाढ सुजली. गाल असा, पपईएवढा. दिग्दर्शक तणतणत स्टाफरूममध्ये आला आणि बाजारात वांगी निवडावीत तसा एकेका मास्तरचं थोबाड बघत निघाला. माझ्यापाशी थबकला. म्हणाला, हा. मी विचारलं, करायचं काय? म्हणाला, काही नाही, रोज शिकवता तसंच शिकवा, नटाचा चेहरा मागाहून घेऊ. मग मुलांकडे वळला आणि म्हणाला, तुम्ही पेंगायचं. हं, सुरू.”

“मामा,” भाचीने कपाळाला हात लावला.

“थांब गं. पहिला टेक. मी व्यास काढला, त्रिज्या काढली. मिनिटभर पोरं पेंगली, सांगितल्यासारखी. मग मागनं एक हात वर. सर, शंका! कट. दुसरा टेक, तीन हात. कट. दिग्दर्शक ओरडला, अरे, कंटाळा रे, पैसे कशाचे देतोय तुम्हाला? पोरं म्हणाली, साहेब, खूप प्रयत्न करतोय, पण जमत नाही. सातव्या टेकला त्यानं सगळ्यांना आडवं होईपर्यंत जेवू घातलं, खिडक्या लावल्या, पंखे बंद केले. तरी पोरांचे डोळे टक्क! नवव्याला कॅमेरावालाच कॅमेऱ्यामागून विचारतो, सर, दोन्ही त्रिकोण समद्विभुज कशावरून? आणि बाराव्याला तर शिडीवरचा लाइटवाला खाली उतरला आणि कोणाकडे तरी वही मागायला लागला.”

अध्यक्षांना हसू फुटले. ते त्यांनी खोकल्यावर निभावून नेले. “थापा आहेत या,” ते म्हणाले, पण फोन त्यांनी टेबलावर पालथा ठेवला.

“म्हणून तर म्हटलं, पटायचं नाही. अठरा टेक झाले. दिग्दर्शक रडकुंडीला आला. दुसऱ्या दिवशी हिरोचा तास. तीच अकरा पोरं. हिरोनं बाहीनं फळा पुसला, डोळ्यांत पाणी काढलं, हात पसरून ते गाजलेलं वाक्य म्हटलं. आणि पोरं? जांभयांवर जांभया! फळ्यावर काही असेल तर बघणार ना! मग दिग्दर्शकानं काय केलं असेल? कात्री. हिरोच्या तासाच्या जांभया कापल्या आणि माझ्या तासाला चिकटवल्या. माझ्या तासाचे चमकणारे डोळे हिरोला देऊन टाकले. ती दोन वेण्यांची पोर आठवते ना? पडदाभर तोंड उघडते, पडजीभ दिसते?”

“न आठवायला काय झालं! ती जांभई कोण विसरेल?”

“ती जांभई हिरोची आहे.” म्हातारा पुढे झुकला. आवाजातली गंमत थोडी ओसरली होती. “आणि तीस वर्षं ती मी वागवतोय. रस्त्यात माणसं मला बघून मुद्दाम तोंडावर हात ठेवतात. निरोप-समारंभात हार घालणाऱ्यानंही ठेवला होता. म्हणून सांगतो साहेब, जांभईवरून मास्तर ठरवू नका. ती कुठून कापून कुठे चिकटवलीय, बघणाऱ्याला कधी कळत नाही. या पोरीचा पुरता एक तास मागच्या बाकावर बसून बघा. मग तुमचा अर्ज ठेवा, नाहीतर फाडा.”

भाचीने कपाळावरचा हात काढला होता. मामाच्या थापांमध्ये ती लहानपणापासून वाढली होती, पण या थापेला खिडकीतून पळवून लावावे की आत घ्यावे, हे तिला ठरवता येईना. ती अध्यक्षांकडे पाहत राहिली.

अध्यक्षांनी फोन उचलला, पुन्हा ठेवला. “तसं बघायला गेलं तर,” ते सावकाश म्हणाले, “त्या चाळीस सेकंदांच्या आधी काय चाललं होतं, ते मीही विचारलेलं नाही. अर्ज मागे नाही घेणार मी. पण आठवडाभर थांबायला हरकत नसावी.”

मुख्याध्यापिकांनी वही मिटली.

“सर,” त्या म्हणाल्या, “त्या दिवशी अर्धवर्तुळातला कोन शिकवत होतात ना?”

“हो.” म्हातारा खुलला. “अगदी बारकाईनं बघितलेला दिसतोय सिनेमा.”

“सिनेमात फळा दिसत नाही. तुमची पाठ आड येते.”

त्यांनी हाताशी आलेला कागद पालथा केला आणि पट्टी न घेता त्यावर एक आडवी रेघ मारली. रेघेवर हातानेच अर्धवर्तुळ काढले. ते बरे आले.

“अ ब व्यास. क परिघावर कुठेही घ्या. मधे, केंद्रावर, म. ‘म’पासून ‘क’पर्यंत रेघ ओढलीत आणि म्हणालात, आता एक त्रिकोण गेला आणि दोन आले. म अ, म ब, म क, तिन्ही त्रिज्या, म्हणजे सारख्या. म्हणून दोन्ही त्रिकोण समद्विभुज.” पेनाचे टोक कोनाकोनावर टेकत गेले. “पायाचे कोन सारखे. हा आणि हा. हा आणि हा. चौघे मिळून एकशे ऐंशी. ‘क’पाशी त्यातले निम्मे.”

“नव्वद,” भाचीच्या तोंडून निघून गेले.

“बाई,” अध्यक्ष अर्धवट उठले, “तो अर्ज आहे. एक्केचाळीस सह्या आहेत त्यावर.”

“मागची बाजू कोरी होती,” मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि त्यांनी ‘क’पाशी काटकोनाचा छोटा चौकोन काढला.

म्हातारा त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. कापलेले, निम्मे पांढरे झालेले केस, चष्मा, हनुवटी. त्याची नजर दोन्ही कानांमागे जाऊन काहीतरी शोधून आली.

“दुसरा बाक, खिडकीकडून तिसरी,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “अठरा टेक झाले नव्हते, सर. पेंगायला आम्हाला कोणी सांगितलंही नव्हतं. नेहमीसारखं बसा, एवढंच म्हणाले होते. ती जांभई माझी आहे, तुमच्याच तासाला आली होती, आणि पहिल्याच टेकला ओके झाली.”