सगळं साफ करा

मी पाटी बोलतेय. दगडी पाटी नव्हे हो! माझा पडदा करडा, अक्षरं काळी आणि पोटात शेकडो पुस्तकं. दुकानात मला ई-रीडर म्हणत. पाटी हे नाव आईंनी ठेवलं, आणि माझ्या हातून जे घडलं त्यानंतर ते मला नको तितकं शोभतं.

मला विकत घेतलं त्यांच्या मुलाने. हा मुलगा म्हणजे मतांचं कोठार. कुठला खेळ टुकार, कुठल्या ई-रीडरचं बटण भलत्या जागी, सगळ्यावर तो इंटरनेटवर लांबलचक लिहायचा. मी घरात आले त्याच दिवशी त्याने माझ्यातली कंपनीची प्रणाली काढली आणि हौशी लोकांनी मिळून बनवलेली, फुकट, ओपन सोर्स प्रणाली घातली. तिचं मराठी भाषांतर त्यानेच केलं होतं, एका बैठकीत, जांभया देत. काही पुसण्याआधी मी "नक्की ना?" असं विचारत असे, तेही त्याने बंद केलं. "शहाण्या माणसाला दोनदा विचारणारं यंत्र मूर्ख," हे त्याचं गाजलेलं मत. मग त्याने मला आईबाबांना देऊन टाकलं.

बाबा मेनू वाचून खो खो हसले. "अगं, हे बघ. 'पडदा ताजातवाना करा'! आपल्या तज्ज्ञाने पडद्याची भाजी केली."

दोघं एकच पुस्तक वाचायचे. बाबांचा वेग फार. ते दुपारीच पुढे जायचे आणि आईंसाठी ओळींखाली रेघा ओढून समासात टिपून ठेवायचे. "इथे हसायचं." "हा माणूस थेट तुझा भाऊ!" "रडू नकोस, तो परत येतो." संध्याकाळी आई वाचायला बसायच्या आणि कुरकुरायच्या, "सगळं आधीच सांगून टाकता तुम्ही!"

बाबा गेले तेव्हा एक जाडजूड कादंबरी त्यांची वाचून झाली होती, आई निम्म्यावरही नव्हत्या. त्यानंतर त्या रोज थोडंच वाचायच्या. एखादी टीप आली की तिथेच थांबायच्या. टिपा संपू नयेत, एवढंच त्यांना हवं होतं.

माझ्यात एक खोड आहे. पान उलटलं तरी मागच्या पानाची पुसट सावली पडद्यावर रेंगाळते. एका संध्याकाळी ती फारच दाटली. आईंनी चष्म्याच्या फडक्याने मला घासघास घासलं आणि शेवटी मुलाला फोन लावला.

"अरे, पाटीवर मागचं पान दिसतंय. अक्षरांत अक्षरं घुसलीत."

"मेनूत आहे बघ, आई. सोपं आहे, कळेल तुला." मागून गोळीबार ऐकू येत होता. नवा खेळ आला होता.

आईंनी मेनू उघडला. ताजंतवानं करायचं, म्हणजे सावली घालवायचा खरा उपाय, त्यांनी भाजीवाल्यांवर सोडलं. खाली लिहिलं होतं, 'सगळं साफ करा'. डाग काढायला याहून सरळ शब्द कुठला? त्यांनी बोट टेकवलं.

त्या शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता. या पुस्तकातल्या सगळ्या रेघा, सगळ्या टिपा. एकदा विचारता आलं असतं तर! पण मला विचारायची बंदी होती, आणि मी मुकाट्याने पुसून टाकलं. आजही मला त्याची लाज वाटते.

टिपा गेल्याचं आईंनी फोनवर सांगताच मुलगा धावत आला. बॅकअप घ्या म्हणून साऱ्या जगाच्या कानीकपाळी ओरडणाऱ्या या पठ्ठ्याने माझा बॅकअप कधी घेतलाच नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"माझंच चुकलं रे," आई म्हणाल्या. "कशाला बोट लावलं मी!"

"तू नाही गं. शब्द माझा होता." त्याला मान वर करवेना. "खेळात मेलं तरी मागच्या टप्प्यावरून उठता येतं. इथे मी तेवढीही सोय ठेवली नाही."

तिथेच टेबलाशी लॅपटॉप उघडून त्याने शब्द बदलला, 'या पुस्तकातल्या सगळ्या खुणा कायमच्या पुसा'. त्यापुढे "नक्की ना?" परत आणलं. ही दुरुस्ती त्याने सगळ्या वाचकांसाठी पाठवली. मग माझ्याकडे हात केला. "दे ती पाटी. तिच्यातही घालतो."

आईंनी मला छातीशी धरलं. "थांब. आधी हे बघ."

माझ्या आठवणीतून सारं गेलं होतं, पण पडद्यावर सावली उरली होती. समासात, अगदी फिकट, आईंनी शेवटची उघडलेली बाबांची टीप दिसत होती. "मी पुढे गेलोय. तू सावकाश ये."

मुलाने वाकून ती ओळ वाचली. "हे कुठे साठवलेलं नाही, आई. नुसती सावली आहे. पान उलटलं किंवा चार्जिंगला लावलं, तरी पडदा नव्याने उमटेल आणि ही जाईल."

"मग नको लावूस."

आता मी आईंच्या खुर्चीशेजारी फळीवर असते. उरलेली कादंबरी त्या कागदी पुस्तकात वाचतात, मुलाने आणून दिलेल्या. वाचून झालं की माझ्याकडे बघून हळूच म्हणतात, "येते हो. सावकाश."

माझ्यातली वीज संपत आली आहे. वीज गेली तरी पडद्यावरचं पान तसंच राहतं, एवढा एकच गुण माझ्यात आहे. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिला "नक्की ना?" विचारू द्या, कंटाळू नका. आणि मी गप्प झाले की दया येऊन मला कुणी चार्ज करू नका. एकदा पुसलंय मी. पुन्हा माझ्या हातून नको.