चाकांना कुंकू

मी इंजिन बोलतोय. आगगाडीचंच, पण खेळण्यातलं, तळहातावर मावेल एवढं. सध्या मी एका स्टीलच्या ताटात आहे. चाकं एका वाटीत, मोटर दुसऱ्या वाटीत, आणि वरचं निळं कव्हर चिवड्याच्या डब्याला टेकवून ठेवलंय. यातला नक्की कोणता भाग तुमच्याशी बोलतोय, ते मलाही सांगता येणार नाही. त्याने काही अडत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. पेढे वगैरे कुणी वाटले नाहीत. एका माणसाने मला रुळाच्या तुकड्यावर ठेवलं, बटण दाबलं, मी वीतभर पुढे गेलो. त्याने माझ्या पोटाला गोल स्टिकर लावला आणि जांभई दिली. मला वाटलं, आयुष्य हे असंच असणार. आपण वीतभर जायचं आणि समोरच्याने जांभई द्यायची.

मग खोक्यात गेलो. खोक्यावर मोठा बाण होता, ही बाजू वर ठेवा म्हणून. कळंबोलीच्या गोदामापर्यंतचा सगळा प्रवास मी डोक्यावर उभा राहून केला. बाण छापणारा आणि खोका उचलणारा यांची ओळख नसावी.

खोका उघडला तो नवीन पनवेलमध्ये, काशिरामकाकांच्या हॉलमध्ये. काका मूळचे उरणचे कोळी. त्यांनी आयुष्यभर बंदरात क्रेन चालवली. बोटीतून आलेले कंटेनर उचलून मालगाडीवर ठेवायचे, हे काम. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या मुलीने, रियाने, विचारलं, "बाबा, तुम्हाला गिफ्ट काय हवं?"

काका म्हणाले, "डबं सगळं मी भरलं. गाडी मात्र दर टायमाला दुसराच घेऊन गेला."

रियाने मोबाईल काढला आणि मला मागवलं. म्हणजे मी एका वाक्याचं उत्तर आहे. यापेक्षा मोठी ओळख माझ्याकडे नाही.

आता घरातली परिस्थिती सांगतो. निवृत्त झाल्यावर काकांनी घरातल्या विजेच्या वस्तूंकडे लक्ष द्यायला सुरुवात केली होती. वस्तूंना ते मानवलं नाही. मिक्सर चटणी करायच्या ऐवजी गरम व्हायला लागला. फ्रीज उघडला की दारावरची बेल वाजायची. आणि बेल दाबली की फ्रीजमधला दिवा लागायचा. हे मात्र घरात बरेच दिवस कुणाला कळलंच नाही, कारण बेल दाबणारा दाराबाहेर असतो आणि फ्रीजचं दार बंद.

शेवटी दमयंतीकाकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोने, हत्यारांच्या लाल पेटीला कुलूप लावलं, ती कपाटात टाकली आणि चावी कमरेला खोचली. पाने, पक्कड, टेस्टर, सगळं आत. ती पेटी क्रेनवर काकांच्या सीटखाली असायची. ती गेल्यापासून काका जेवताना बोलायचे नाहीत. टीव्हीसमोर बसायचे, पण रिमोट कुणीही घेतला तरी चालायचं. हे लक्षण काही बरं नाही, असं रिया म्हणायची.

मी आलो आणि काका पुन्हा बोलायला लागले. पहिलं वाक्य, "दमे, चावी दे."

"अजिबात नाय," काकू म्हणाल्या. "आदी ही गाडी चालवून दाखवा. दसऱ्याला घरात लोकं येतील, त्यांच्यासमोर. चालली तर पेटी तुमची. नाय चालली तर पेटी भंगारात."

काकूंचा भाऊ जगनमामा तेव्हा तिथेच चहा पीत होता. त्याचा मासळीचा टेम्पो आहे. त्याने कप खाली ठेवला. "भंगारात मी नेतो. कळंबोलीच्या भंगारवाल्यावरनंच जातो की. दाजी, राग नका मानू, पण तुमी हात लावलेली कंची वस्तू परत चालली हाय?"

काका म्हणाले, "दसऱ्याला ये. टेम्पो रिकामा ने परत."

ठरलं. दसऱ्याला लोक एकमेकांना आपट्याची पानं देतात, सोनं म्हणून. काकांनी जाहीर केलं की या वर्षी सोनं हाताने द्यायचं नाही. माझ्या मागच्या उघड्या डब्यात पानं भरायची, गाडी हॉलभर फिरणार, पाहुण्यांनी आपापलं सोनं उचलायचं. रिया म्हणाली, "बाबा, क्यूट." काकांना तो शब्द आवडला नाही.

सोफ्याच्या खालून, टीव्हीच्या मागून, चपलांच्या स्टँडला वळसा घालून रूळ टाकले. मला रुळावर ठेवलं. काकांनी रुळात करंट सोडायच्या नॉबला हात घातला.

"थांबा," काकू म्हणाल्या. "नवीन वस्तू हाय. तशीच काय चालवताय?"

त्या आत गेल्या आणि हळदी-कुंकवाची कोयरी घेऊन आल्या. या घरात नवीन काही आलं की पहिलं त्याला हळद-कुंकू. वॉशिंग मशीनला लावलंय. वायफायच्या डब्याला लावलंय. काकूंनी बोट ओलं केलं, माझ्या प्रत्येक चाकाला हळद लावली, त्यावर कुंकू लावलं, उरलेलं खालच्या रुळाला पुसलं आणि हात जोडले. मनापासून जोडले, हे मी सांगू शकतो, कारण मी अगदी समोर होतो.

काकांनी नॉब फिरवला. मी जागचा हललो नाही.

यात माझा काही दोष नव्हता. माझं शास्त्र साधं आहे. एका रुळातून करंट येतो, चाकातून माझ्या पोटात जातो, दुसऱ्या चाकातून दुसऱ्या रुळाने परत जातो. चाक आणि रूळ एकमेकांना चिकटलेले पाहिजेत. मध्ये काहीही आलं की मी खेळणं नाही, शोपीस. आणि मध्ये हळद-कुंकू होतं. मला हे पहिल्या मिनिटाला माहीत होतं. पण मला तोंड नाही, नुसता दिवा आहे, आणि तोही करंट आला तरच लागतो.

"प्लग नीट बसलाय का?" रियाने विचारलं.

प्लग नीट होता. बोर्डाचं बटण चालू होतं. काकांनी रुळांचे सगळे जोड दाबून बघितले. टेस्टर कुलपात होता, म्हणून ते पालथे पडले आणि त्यांनी रुळांना जीभ लावली.

"करंट हाय," काका म्हणाले. "जिभेला मुंग्या आल्या."

"उद्या स्विचबोर्ड चाटाल," काकू म्हणाल्या.

काका उठून खुर्चीत बसले आणि विचार करायला लागले. विचार करताना त्यांना हातात काहीतरी लागतं. एरवी चष्मा असतो, त्या दिवशी मी होतो. चष्मा पुसतात तसं त्यांनी मला लुंगीला घासलं, बराच वेळ. मग हात पोचला तिथे, टीव्हीमागच्या रुळावर, ठेवून दिलं.

आणि मी सुटलो. टीव्हीमागून निघालो, चपलांना वळसा घातला. काका खुर्चीतून खाली उतरले आणि माझ्यामागे गुडघ्यावर रांगायला लागले. त्यांचा चेहरा माझ्या उंचीला होता. इतका मोठा माणूस इतक्या खाली आलेला मी पहिल्यांदाच बघितला.

"देवी पावली गो बाय!" काकू म्हणाल्या, त्यांनी मला वाटेत थांबवलं आणि पुन्हा कुंकू लावलं.

मी बंद पडलो.

पुढचे सगळे दिवस हे असंच चाललं. मी बंद पडायचो, काका विचार करायचे, लुंगीला घासायचे, मी चालायचो, काकू आनंदाने कुंकू लावायच्या, मी बंद पडायचो. काकूंच्या श्रद्धेत आणि काकांच्या लुंगीत मी अडकलो होतो. गंमत म्हणजे दोघांनाही मी चालायला हवा होतो. काकूंना तर जास्तच. वरून त्या कितीही चावी दाखवत असल्या तरी मला कुंकू लावताना हळूच पुटपुटायच्या, "त्यांची लाज राख रं बाबा."

काकांनी मात्र अभ्यास सुरू ठेवला. आधी ते म्हणाले, बिल्डिंगच्या लिफ्टमुळे होल्टेज पडतंय. मग म्हणाले, मला दमट हवा सोसत नाही. शेवटी त्यांना पक्कं कारण सापडलं: फ्रीज. एकदा फ्रीज बंद असताना मी चाललो होतो, बस. त्या दिवसापासून मला चालवायच्या आधी फ्रीज बंद व्हायचा. दूध नासलं. दसऱ्यासाठी आणलेलं श्रीखंड वाटीतून पिता येईल असं झालं.

"आई, बाबांचं म्हणणं आहे की गाडी फ्रीजला घाबरते," रिया म्हणाली.

"घाबरंल नाय तर काय? फ्रीजची काय हालत केलीय ती बघितली असंल तिनं," काकू म्हणाल्या.

दसरा आला. सकाळी काकूंनी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा मांडली. विळी, कोयता, मिक्सर, रियाचा लॅपटॉप, जगनमामाच्या टेम्पोची चावी. रांगेत शेवटी लाल पेटी होती, कुलपासकट. कुलपाला कुंकू, वर झेंडूचं फूल. काका पेटीकडे बघत होते. काकू काकांकडे बघत होत्या.

संध्याकाळी हॉल भरला. गव्हाण गावचे नातेवाईक, वरच्या मजल्यावरचे शेजारी, जगनमामा. फ्रीज बंद केला होता. माझ्या डब्यात आपट्याची पानं रचली होती. काकू नवी, अबोली रंगाची साडी नेसून आल्या आणि त्यांनी मला आतापर्यंतचं सगळ्यात जाड कुंकू लावलं. चाकांना लावलं, रुळाला लावलं. आज मोठा दिवस होता ना.

काकांनी घसा खाकरला. "तर, गाडी सुटतीय," असं म्हणून त्यांनी नॉब फिरवला.

काहीच झालं नाही.

त्यांनी नॉब शेवटपर्यंत फिरवला. परत मागे आणला, परत फिरवला. कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, सेल टाकले का? सगळ्यांसमोर लुंगीला घासायची सोय नव्हती, कारण काकांनी दसऱ्याची म्हणून नवी कडक पँट घातली होती. विचार करायलाही त्यांना सुचेना.

"दाजी," जगनमामा म्हणाला, "टेम्पो खालीच लावलाय."

हशा पिकला. काकाही थोडे हसले. मग ते उठले, पूजेतली लाल पेटी उचलली, वरचं फूल काढून बाजूला ठेवलं आणि पेटी जगनमामाच्या हातात दिली.

"ने," ते म्हणाले. "कडी नीट धर. डावीकडून सैल हाय. पायावर पडंल."

हसणं थांबलं. जगनमामाला पेटी कशी धरावी तेच कळेना. काका सोफ्यावर बसले आणि त्यांनी टीव्हीचा रिमोट शेजारच्या माणसाला दिला. टीव्ही बंद होता.

तेव्हा काकूंनी मला उचललं. बहुतेक मला दोन शब्द ऐकवायला उचललं असावं. पण त्यांचं बोट चाकाला लागलं आणि त्या थांबल्या. कुंकू वाळून खपली धरली होती. त्यांनी नखाने थोडी खरवडली. खाली चकचकीत लोखंड निघालं. त्यांनी रुळाकडे बघितलं. मग स्वतःच्या लाल बोटाकडे बघितलं. मग काकांकडे.

काकू काही शिकलेल्या नाहीत विजेचं. पण तव्यावर करपलेलं असलं की भाकरी चिकटते, हे त्यांना माहीत होतं.

त्या खाली बसल्या, रुळावर डोकं टेकवून नमस्कार केल्यासारखं केलं, आणि तेवढ्यात नव्या साडीच्या पदराने रूळ पुसून काढले. मला पोटाशी धरून माझी सगळी चाकं पुसली. एकेक करून, जोर लावून. मग मला जागेवर ठेवलं.

"अवो," त्या म्हणाल्या, "परत एकदा फिरवा. मी देवीला सांगितलंय."

"जाऊ दे गं."

"फिरवा म्हणते ना!"

काकांनी बसल्या बसल्या नॉब फिरवला.

मी निघालो. पानांनी भरलेला डबा घेऊन मी गव्हाणच्या पाहुण्यांसमोरून गेलो, शेजाऱ्यांसमोरून गेलो. लोक वाकून सोनं उचलत होते आणि का कोण जाणे, मलाच नमस्कार करत होते. जगनमामाच्या दोन्ही हातांत पेटी होती, म्हणून रियाने त्याच्या शर्टाच्या खिशात पान खोचलं.

"घ्या मामा, सोनं. आता पेटी ठेवा खाली."

"ठेवतो, ठेवतो. दाजी, मानलं!"

"फ्रीजच होता," काका सगळ्यांना सांगत होते. "मी पयल्यापासून बोलत होतो." आणि ते पुन्हा गुडघ्यावर आले, नव्या पँटसकट, आणि माझ्यामागे रांगत निघाले. या वेळी गाडी तेच नेत होते.

काकूंनी कमरेची चावी काढून पेटीवर ठेवली. पदर दुमडून आत घेतला. रियाने विचारलं, "आई, साडीला काय लागलं?"

"कुंकू सांडलं," काकू म्हणाल्या. एवढंच.

खरं काय ते दोघांनाच माहीत आहे. त्यातल्या एकाला बोलता येत नाही आणि दुसरी बोलणार नाही. आता काकू कुंकू लावतात ते माझ्या टपाला, चाकांना नाही. विचारलं तर सांगतात, देवीने स्वप्नात येऊन तसं सांगितलं.

तर मग मी ताटात कसा? साधी गोष्ट आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी पेटी उघडली, आणि घरात नीट चालणारी वस्तू एकच होती. "इतकी झकास कशी काय चालते, बघू तरी," असं म्हणून त्यांनी मला उघडलं.

सगळे भाग सापडतात, फक्त एक बारीक स्क्रू नाही. तो मिळाल्याशिवाय मी जोडला जाणार नाही. काका सकाळपासून सोफ्याखाली टॉर्च मारून तो शोधतायत आणि गाणं गुणगुणतायत. जेवताना बोलतात. रिमोट कुणाला देत नाहीत.

तो स्क्रू सोफ्याखाली नाही. काल केर काढताना काकूंना मिळाला. त्यांनी तो हातावर घेऊन बघितला, काकांकडे बघितलं, फ्रीजकडे बघितलं, आणि पदराच्या टोकाला गाठ मारून आत ठेवला. काका माझ्यात गुंतलेत तोवर फ्रीज वाचला.

माझी एकच विनंती आहे. तुम्ही कधी या घरी आलात आणि काकांनी विचारलं, तर सोफ्याखाली वाकून थोडा वेळ शोधल्यासारखं करा. स्क्रूचं सांगू नका. मी ताटात ठीक आहे. बेल तेवढी वाजवू नका, फ्रीजमधला दिवा लागून तापतो आणि आत श्रीखंड परत आणून ठेवलंय.