चिठ्ठीला दया नसते

आमच्या गावातली माणसं दोन गोष्टींची गाठ फार पटकन मारायची. होडीवर निघताना पाद्री आडवा गेला, की त्या दिवशी जाळं रिकामं. माझे बाबा तर पाद्री दिसताच अपशकुन टळावा म्हणून खिशातल्या लोखंडी खिळ्याला हात लावायचे आणि गल्ली बदलायचे. पाद्रीबुवा बिचारे सज्जन. होड्या निघायच्या वेळी ते घराबाहेर पडेनासेच झाले.

त्यामुळे शाळेत सूप सुरू झालं आणि त्याच हिवाळ्यात सूप पिणारी पोरं खोकू लागली, तेव्हा धक्क्यावर हेरिंग मासे साफ करता करता बायका काय बोलत असतील ते सांगायला नको.

हे स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं, दोन महायुद्धांच्या मधलं. मी, एल्स्पेथ, तेव्हा अकरा वर्षांची होते आणि नुसती हाडं. दुपारी गरम सूप दिलं तर मुलं कमी आजारी पडतात का, हे आरोग्य मंडळाला पाहायचं होतं. किनाऱ्यावरच्या शाळांत निम्म्या मुलांना सूप, निम्म्यांना नाही. कोणाला द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. सूपवाले खिडकीकडच्या बाकांवर बसायचे, बाकीचे भिंतीकडे घरचा पाव खायचे. मी खिडकीकडे होते. जवाचं, गाजराचं सूप. आधी वाडगं दोन्ही हातांत धरून बोटं शेकायची आणि मग प्यायचं. घरी तेवढी ऊब नव्हती.

वसंतात मंडळाचा निरोप आला. सूप पिणारी मुलंच जास्त आजारी पडली होती. पुढच्या हिवाळ्यापासून सूप बंद. निरोप वाचून आमच्या गेडिस बाईंच्या हातातला खडू मोडला.

आठवड्याभरात अॅबर्डीनहून इमलाक साहेब आले. मंडळाचे आकडे तपासणारा माणूस, स्वतःच सर्दीनं बेजार. फळ्यासमोर उभे राहून म्हणाले, "ज्यांच्या बुटांत पाणी शिरतं त्यांनी पाय वर करा."

वर्ग खिदळला. पाय वर झाले, आणि जवळजवळ सगळे खिडकीकडचे.

"साहेब, माझ्या बुटांत शिरतं आणि बाहेरही पडतं," मी म्हणाले.

"मग नशीबवान आहेस. माझ्या बुटांत साचून राहतं."

मग त्यांनी कागदाचे कपटे केले, निम्म्यांवर फुली मारली आणि आपल्या टोपीत टाकले. आम्ही एकेक उचलायचा. फुलीवाले खिडकीकडे, कोरे भिंतीकडे, आणि पुन्हा पाय वर. असं किती वेळा केलं कोण जाणे. बेकरीवाल्याची ग्रिझेल नवे बूट करकरवत इकडून तिकडे पळत होती. तिला वाटलं हा नवा खेळ आहे.

"एकदा तरी बुटांची सगळी भोकं एकाच बाजूला गेली?" साहेबांनी विचारलं.

"नाही!"

"कधी इकडे दोन जास्त, कधी तिकडे. तेवढं चालायचंच." मग ते बाईंकडे वळले. आवाज खाली होता, पण मी पुढच्याच बाकावर होते. "बाई, चिठ्ठीला दया नसते. मग गेल्या हिवाळ्यात एवढी दया आली कुठून?"

बाई लाल झाल्या. "चिठ्ठ्या टाकल्या होत्या मी. नंतर पोरांकडे पाहिलं. ग्रिझेलनं सूप प्यायचं आणि या एल्स्पेथनं बघत बसायचं? बदलल्या मी. नोकरी घ्यायची तर घ्या."

"सगळ्यांच्याच घ्याव्या लागतील. या किनाऱ्यावर शाळोशाळी अशाच बाई भेटल्या मला." त्यांनी नाक पुसलं. "म्हणजे पोरं सुपानं आजारी नाही पडली. आजारी पडणारी पोरंच सुपाला बसली."

"मग सांगा ना मंडळाला, सूप चांगलं आहे म्हणून!"

"तेही सांगता येत नाही. आपल्याला काहीच कळलेलं नाही. आणखी एक हिवाळा मागून बघतो. पण या वेळी चिठ्ठी निघेल तशी. कुणी हात लावला, तर सूप कायमचं गेलं."

"आणि फाटक्या बुटाला कोरी निघाली तर?"

"काहींना निघणारच. नव्या बुटांनाही निघेल. तेव्हाच दोन्ही बाजू सारख्या होतील, आणि उरेल तो फरक सुपाचा."

त्या संध्याकाळी मी बाबांना विचारलं, "पाद्री भेटला आणि जाळं भरलं, असं कधी झालंच नाही?"

"झालं असेल. तसले दिवस कोण लक्षात ठेवतो?" मग त्यांनी माझं ताट पुढे सरकवलं. "गप जेव. शहाणी झालीस फार."

मंडळानं हिवाळा दिला. पहिल्या थंडीत टोपीऐवजी बाईंच्या लोकरीच्या पिशवीतून चिठ्ठ्या निघाल्या. माझी कोरी होती.

बाईंनी ती पाहिली. पिशवीचं तोंड त्यांनी घट्ट आवळलं आणि म्हणाल्या, "पुढचा."

दुपारी ग्रिझेल माझ्या बाकाशी आली. "ए, माझी घे. मला गाजर आवडत नाही."

"नको."

"वेडी आहेस का? बाई बघत नाहीयेत."

बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या, पण त्यांची पाठ ऐकत होती.

"बदललं, तर काहीच कळायचं नाही," मी म्हणाले. "मग कुणालाच नाही मिळणार. जा, तुझं गार होतंय."

ती गेली आणि गाजरं बाजूला काढत प्याली. मी पाव चावत राहिले. वास मात्र दोन्हीकडच्या बाकांना सारखाच यायचा.

मी त्या हिवाळ्यात बरीच आजारी पडले. आई धक्क्यावरून येऊन छातीला तेल चोळायची आणि साहेबांना शिव्या घालायची. वसंतात साहेब पुन्हा आले. सगळ्या शाळांत मिळून सूपवाली मुलं इतकी कमी आजारी पडली होती, की नुसत्या नशिबानं एवढा फरक क्वचितच पडावा. भिंतीकडच्या आजारपणात माझंही होतं.

पुढच्या थंडीत सूप सगळ्यांना मिळालं. बाईंनी पहिलं वाडगं मला दिलं. इतकं काठोकाठ भरलं होतं, की त्यांच्या अंगठ्यावर सांडलं. त्यांनी अंगठा पुसला नाही आणि माझ्याकडे पाहिलंही नाही.

"सावकाश पी," म्हणाल्या. "गरम आहे."