झाकणाने कुठलं पाप केलं?

होडीला पांढरे केस फुटले तेव्हा धक्क्यावर जमलेल्या सत्तर-ऐंशी माणसं एकदम पुढे सरकली.

पिंजरे लावून क्रॉफिश, म्हणजे नांगीवाले झिंगे, धरणाऱ्या अल्सीडची सव्वीस वर्षं जुनी अ‍ॅल्युमिनियमची होडी ट्रेलरवर पालथी घातली होती. गावोगाव फिरणाऱ्या उपदेशक ब्रदर डेल्मरने तिचा तळ काचपेपरने खसाखसा घासला, बाटलीतल्या पाण्यात भिजवलेलं फडकं त्यावरून फिरवलं आणि दोन्ही हात आभाळाकडे केले. दोन-तीन मिनिटांत चकचकीत पत्र्यातून पांढरे तंतू डोळ्यांदेखत वर येऊ लागले.

"पाहा, पाहा! सव्वीस वर्षांचा रोग बाहेर पडतोय!" ब्रदर डेल्मर गरजला. "वेल्डिंगवाले वरून ठिगळ लावतात, माझा प्रभू मुळापासून उपटतो! कुणी या होडीत बसून शिव्या घातल्या असतील, कुणी रविवारी पिंजरे लावले असतील. सगळं निघतंय, बंधूंनो!"

तंतूंना बोट लागताच त्यांची राख होई. राखेचा बुधवार, ख्रिस्ती लोकांच्या चाळीस दिवसांच्या उपासाचा पहिला दिवस, नुकताच झाला होता. त्या दिवशी कपाळावर राखेचा क्रूस ओढून घ्यायची सवय बायूच्या, म्हणजे इथल्या दलदलीतल्या संथ ओढ्याच्या, काठच्या लोकांच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली. चर्चमधली राख जळक्या झावळ्यांची, इथे तर देवाने ती थेट होडीतून काढून दिली होती. मग काय विचारता! रांग लागली, आयांनी पोरांची कपाळं पुढे केली आणि दानासाठी ब्रदरची बादली गर्दीतून फिरली.

व्हर्लीन मागे उभी राहून हे बघत होती. ती अल्सीडची सख्खी भाची आणि या काठावरची चांगली वेल्डर. मामाच्या होडीचा तळ खाऱ्या चिखलाने खाल्ला होता, टाचणीएवढी भोकं पडली होती. सडका भाग कापून नवा पत्रा जोडायचा, दोन दिवसांचं काम. पण जहाजांच्या कारखान्यातल्या मोठ्या कामांपुढे तिला सवड होईना. "सोमवारी आणा, मामा," असं सांगत तिने चार सोमवार घालवले होते. उपासाच्या चाळीस दिवसांत दर शुक्रवारी मांस बंद, मासे-झिंगे चालतात, म्हणून क्रॉफिशला मागणी. त्या चाळीस दिवसांवर मामाचं वर्ष निघायचं.

तिसऱ्या दिवशी मामाने तिला बोलावलं. होडी उतरवली तर पहिल्यापेक्षा जास्त पाणी आत येत होतं. व्हर्लीनने तळावर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो पापडातून जावा तसा आरपार गेला. कारखान्यात एकदा पाऱ्याचा थर्मामीटर अ‍ॅल्युमिनियमच्या डेकवर फुटला होता, तेव्हा मुकादमाने सगळ्यांना पळवून अख्खा पत्रा कापून काढायला लावला होता. हीच पांढरी राख तिने तेव्हाही पाहिली होती.

ती तडक धक्क्यावर गेली. ब्रदर दुसऱ्या होडीचा रोग काढत होता. शेजारीच क्रॉफिश उकडायचं नवं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं ठेवलं होतं. तिने हातमोजे चढवले, पातेल्याचं झाकण उचललं, काचपेपरने घासलं आणि ब्रदरच्या हातातलं फडकं ओढून त्यावर फिरवलं.

"ए बाई, पवित्र वस्तूला हात लावू नकोस!"

"दोन मिनिटं थांबा, ब्रदर."

झाकणालाही केस फुटले.

"हे सकाळी दुकानातून आलंय, लेबलसुद्धा निघालेलं नाही," व्हर्लीन म्हणाली. "या झाकणाने कुठलं पाप केलं?"

कुणीतरी हसलं. मग तिने सांगितलं, की हवा लागली की अ‍ॅल्युमिनियमवर पातळ साय धरते, तीच त्याला राखते. काचपेपर ती साय काढतो. बाटलीत पाऱ्याचा क्षार आहे, तो नवी साय धरू देत नाही. मग पत्राच कुजून राख होऊन वर येतो.

"निघतो तो रोग नाही, तुमची होडी आहे! आणि त्या राखेत पारा आहे. आधी पोरांची कपाळं साबणाने धुवा!"

"सैतानालाही देवाची नक्कल करता येते!" ब्रदर ओरडला. ओरडता ओरडता त्याने बाटली गाडीत टाकली होती. बादलीसकट तो गेला तेव्हा दुपारचे तीनसुद्धा वाजले नव्हते.

निम्म्या लोकांनी कपाळं धुतली. उरलेले म्हणाले, हिचा धंदा बुडतोय, म्हणून जळते.

अल्सीड ट्रेलरपाशी बसला होता.

"जोडता येईल का गं, पोरी?"

"नाही, मामा. पारा आत मुरलाय. ज्योत लावली तर विषारी वाफ निघेल. तळ अख्खा टाकावा लागेल."

"म्हणजे होडीच गेली."

"हो."

तो बराच वेळ पत्र्यावरून हात फिरवत राहिला. तिने तो हात धरून बाजूला केला.

"तुझं खरं असेल," तो म्हणाला. "पण तू सोमवार म्हणत होतीस. तो ब्रदर आज म्हणाला."

व्हर्लीनला रडू आलं. ब्रदरपेक्षा तिला स्वतःचा राग आला.

तो हंगाम अल्सीडने दुसऱ्याच्या होडीत पिंजरे ओढून काढला. ब्रदर डेल्मर पुढच्या धक्क्यावर आहे म्हणतात, आणि तिथेही रांग आहे.

तेव्हा चमत्कार दिसला, की तो आधी नव्या कोऱ्या झाकणावर करून दाखवायला सांगा. असं सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि ज्यांना खरी दुरुस्ती येते, त्यांनी सोमवार सांगू नये.