अक्काआत्याची ओळ

आमचे तात्यासोकाका लक्ष्मीपुरीत लग्नपत्रिका छापतात. नावं भरली की पत्रिकेची फाईल तयार, असा प्रोग्राम मी, त्यांची पुतणी चंदना, लिहून दिलाय. प्रोग्रामला हात लागला की, आणि दर छपाईच्या आधीही, मशीन एक जुनी, पसंत ठरलेली पत्रिका नव्यानं बनवतं आणि नमुन्याशी ताडून बघतं. जुळली तर हिरवं. टिंब जरी इकडचं तिकडं झालं तरी लाल.

नमुना म्हणून काकांनी आपल्या मुलाच्या, सम्मेदच्या लग्नाची पत्रिका दिली. "काढ खोट ह्यात!" हिरवं दिसलं की गिऱ्हाइकाला अशा थाटात दाखवायचे, जणू मशीनला त्यांनीच लहानाचं मोठं केलंय.

खोट होती, आणि ती अख्ख्या भावकीला ठाऊक होती. काकांच्या थोरल्या बहिणीचं, अक्काआत्याचं नाव त्यात राहिलं होतं. आत्या पेठ वडगावहून आली, अक्षता टाकल्या आणि न जेवता परत गेली. तेव्हापासून बोलणं बंद.

आता काकांच्या लेकीचं, दीपाचं लग्न ठरलं. "आत्या न्हाई आली तर मी बोहल्यावर चढणार न्हाई," तिनं बजावलं. काकांनी आत्याचं नाव स्वतः भरलं. मशीन हिरवंगार. छापायला घेणार, तेवढ्यात दीपा ओरडली, "पप्पा, आत्या परत गायब!"

चूक माझी. सासरी गेलेल्या लेकींची नावं पत्रिकेवर उतरायला मी प्रोग्रामात जागाच ठेवली नव्हती, कारण नमुन्यात ती नव्हती. हिरव्यावर विसंबून बसले होते. फार लाज वाटली.

मी जागा केली आणि सम्मेदच्या पत्रिकेतही आत्याचं नाव भरलं. मशीन लालेलाल.

"आता काय झालं?" काकांनी विचारलं.

"नमुन्यापेक्षा एक ओळ जास्त आहे. आत्या आली, हीच चूक म्हणतंय."

काकांनी पडद्यावरची ती ओळ वाचली. "त्येला काय कळतंय? आमीच शिकवलं तसं. हीच नवी पत्रिका नमुना म्हणून ठेव."

ठेवली. हिरवं झालं. या खेपेला काकांनी कुणाला दाखवलं नाही.

दीपाची पहिली पत्रिका घेऊन काका आणि मी वडगावला गेलो. आत्यानं चष्मा लावला, सगळी वाचली, आपल्या नावावर बोट ठेवलं.

"आन् सम्मेदच्यात?"

"घातलंय, अक्का," काका म्हणाले. "मशीन ती पत्रिका सारखी नव्यानं करतंय. दरवेळी तुझं नाव असतंय."

आत्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"मग त्या लग्नाचं माझं जेवान ऱ्हायलंय की रं," आत्या म्हणाली. "कवा घालतोस?"